केर कोणी भरायचा?

एखादे यंत्र घरात खरोखर रुळले की नाही, हे त्याच्या नावावरून कळत नाही. त्याच्याभोवती जमलेल्या क्रियापदांवरून कळते. कुकरला मराठीने स्वतःचे नाव दिले नाही, परंतु ‘कुकर लावणे’, ‘कुकर पडणे’, ‘तीन शिट्ट्या होऊ देणे’ हे प्रयोग कोणत्याही मराठी घरात आज परके वाटत नाहीत. मिक्सरचेही तसेच. चटणी ‘मिक्सरमधून काढली’ जाते आणि पाटा-वरवंटा दाराबाहेर उभा असतो. व्हॅक्यूम क्लीनर आपल्याकडे येऊन चाळीस वर्षे उलटली, तरी त्याच्या वाट्याला असे सर्वांच्या तोंडी बसलेले एकही क्रियापद आलेले नाही. इंग्लंडात एका कंपनीचे नावच क्रियापद झाले आणि लोक घर ‘हूव्हर’ करू लागले. आपल्याकडे अजून केर काढला जातो, झाडलोट होते, केरवारे आटोपले जातात. कुंचा, केरसुणी, खराटा, फडा, सुपली हे शब्द जागच्या जागी आहेत.

या लहानशा भाषिक वस्तुस्थितीमागे एक मोठी सामाजिक वस्तुस्थिती उभी आहे, असे आमचे मत आहे. व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास बहुधा संशोधकांची आणि त्यांच्या यंत्रांची मालिका म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगण्यास आमची हरकत नाही. परंतु मराठी वाचकापाशी हा इतिहास तपासण्याचा एक जुना आणि अधिक नेमका निकष आहे, आणि तो जनाबाईने दिलेला आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या या बाईच्या अभंगांत झाडलोट ती करते आणि केर भरायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर कष्टकरी बाईने कल्पिलेल्या सुखाचे हे चित्र आहे. काम नाहीसे झालेले तिने कल्पिले नाही. काम वाटून घेणारा कोणी तरी तिने कल्पिला. घरकामाच्या प्रत्येक यंत्राला हा एकच प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते: तू आल्यावर केर कोण भरतो?

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. नावात ‘व्हॅक्यूम’ असले तरी त्याच्या पोटात निर्वात पोकळी नसते. मोटारीवर वेगाने फिरणारा पंखा आतली हवा बाहेर फेकतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा तोंडातून आत धावते. येताना ती धूळ घेऊन येते. पुढे कापडी वा कागदी पिशवीतून हवा निसटते, धूळ अडकते. म्हणजे धूळ ओढली जात नाही, हवेकडून ढकलली जाते. केरसुणी आणि हे यंत्र यांतील खरा भेद येथे आहे. केरसुणी धूळ एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकवते आणि त्यातली बरीचशी हवेत उडवते. ती धूळ काही टेबलावर बसते, काही झाडणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. यंत्र ती कोंडते. या दुसऱ्या गुणाकडे आम्ही पुढे पुन्हा येऊ, कारण यंत्राच्या जन्माशी त्याचा संबंध आहे.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गालिचे मध्यमवर्गीय घरांत पोहोचले आणि त्यांबरोबर गालिच्यातली धूळही पोहोचली. १८६९ मध्ये शिकागोच्या आयव्हस मॅकगॅफी याने हाताने फिरवायच्या पंख्याचे एक यंत्र काढले. एका हाताने दांडा ढकलायचा आणि दुसऱ्या हाताने पंखा फिरवायचा, असा तो द्राविडी प्राणायाम होता. १८७६ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील मेल्व्हिल बिसेल याने फिरत्या ब्रशाचा गालिचा-झाडू काढला. बिसेल दांपत्याचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते आणि भांड्यांच्या पेट्यांतला लाकडाचा भुसा गालिच्यात रुतून बसे. मेल्व्हिल १८८९ मध्ये वारल्यावर त्याची पत्नी ॲना हिने कंपनी चालवली आणि वाढवली. या इतिहासात स्त्रीचे नाव मालक म्हणून येण्याचा हा विरळा प्रसंग; एरवी ती ग्राहक म्हणून वा जाहिरातीतले चित्र म्हणून येते.

१९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ याने खऱ्या अर्थाने शोषणाचे यंत्र बनवले. बूथ हा पूल आणि मोठमोठे पाळणे बांधणारा अभियंता. हवेच्या झोताने धूळ उडवून लावणारे एक यंत्र त्याने पाहिले आणि त्याच्या मनात आले, की धूळ फुंकण्यापेक्षा ओढली तर? त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली, आणि ठसका लागला तरी रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा डाग उमटल्याचे त्याला दिसले. त्याचे यंत्र मात्र घरात मावणारे नव्हते. घोडागाडीवर बसवलेले ते धूड रस्त्यात उभे राही आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून आत जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे या यंत्राने साफ केले गेले, आणि त्यानंतर त्याला प्रतिष्ठा मिळाली. येथपर्यंत व्हॅक्यूम क्लीनर ही श्रीमंतांनी बोलावून घ्यावयाची सेवा होती.

ती घरगुती वस्तू झाली जेम्स मरे स्पँगलर याच्यामुळे, आणि या माणसावर आम्हांस वाचकांचे लक्ष विशेष वेधावयाचे आहे. ओहायो राज्यातील कँटन गावी एका मोठ्या दुकानात तो झाडलोट करीत असे. त्याला दमा होता. झाडताना उडणारी धूळ सोसवेना, म्हणून १९०७ च्या सुमारास त्याने झाडूचा दांडा, पंख्याची मोटार आणि उशीचा अभ्रा एकत्र जुळवून धूळ पोटात घेणारे यंत्र तयार केले. २ जून १९०८ रोजी त्याला त्याचे पेटंट मिळाले. भांडवल नव्हते, म्हणून ते हक्क त्याने विल्यम हूव्हर याला विकले. हूव्हरचा व्यवसाय घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचे सामान बनवण्याचा होता. मोटारगाड्या आल्याने घोड्यांचे दिवस संपत आल्याचे तो पाहत होता आणि त्याला नवा धंदा हवा होता. स्पँगलर १९१५ मध्ये वारला. जगाने यंत्राला नाव दिले ते हूव्हरचे.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनर हा एका झाडूवाल्याने स्वतःच्या छातीसाठी लावलेला शोध आहे. झाडणाऱ्याने झाडणाऱ्यासाठी केलेली ही वस्तू. पुढच्या शंभर वर्षांत तिची विक्री मात्र झाडणाऱ्याला झाली नाही. ती ज्याच्या घरी झाडले जाते त्याला झाली. इतिहासाला मिळालेले हे वळण लक्षात घेतल्याखेरीज आपल्या घरी या यंत्राचे काय झाले, ते समजणार नाही.

पाश्चात्त्य गृहिणीला दिलेले वचन असे होते, की नोकरांचा जमाना संपला तरी चिंता नको, यंत्र तुमचे श्रम वाचवील. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात या वचनाचा हिशोब मांडला. पूर्वी गालिचे वर्षातून एकदोनदा अंगणात नेऊन बडवले जात, आणि त्या जड कामाला घरातले पुरुष आणि मुले हात लावीत. यंत्र आल्यावर ते काम ‘सोपे’ झाले, म्हणून ते एकट्या गृहिणीचे झाले. आणि सोपे झाले म्हणून आठवड्याला होऊ लागले. श्रम कमी झाले, वेळ कमी झाला नाही, आणि वाटेकरी मात्र नाहीसे झाले. जनाबाईच्या भाषेत सांगायचे तर केर भरायला येणारा निघून गेला.

आता आपल्याकडे वळू. भारतात या यंत्राचा घरोघरी परिचय करून देण्याचे काम मुंबईच्या युरेका फोर्ब्ज या कंपनीने केले. १८ व्या शतकापासून मुंबईत व्यापार करणारे फोर्ब्जचे घराणे, जे तोवर टाटा समूहाच्या छत्राखाली आले होते, आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून ती १९८२ मध्ये उभी राहिली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रोलक्सने ॲक्सेल वेनर-ग्रेन याच्या नेतृत्वाखाली दारोदार विक्रीचे तंत्र युरोपात बसवले होते. तेच तंत्र येथे आले. टाय लावलेला, हसतमुख तरुण बेल वाजवी, आत येण्याची परवानगी मागे आणि तुमच्याच गादीतून निघालेली धूळ तुमच्याच डोळ्यांसमोर कापडावर दाखवी. मराठी मध्यमवर्गाला स्वतःच्या घराची लाज वाटावयास लावणारा हा पहिला विक्रेता असावा. पूर्वी दारावर येणारा बोहारीण वा कल्हईवाला तुमच्याकडच्या वस्तूची किंमत करी. हा तुमच्याकडच्या धुळीची करी.

आमचे बालपण भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरात गेले. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यासाठी वसवलेली ही वसाहत. बाहेरच्या जगाला तिचे नाव कळते ते दुर्घटनेच्या बातमीतून; २४ जानेवारी २०२५ रोजी कारखान्यात झालेल्या स्फोटात ८ कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा ते असेच सर्वत्र ऐकू आले. एरवी तेथील आयुष्य हे कोणत्याही सरकारी वसाहतीसारखे: सारख्या बांधणीची घरे, ठरावीक वेळेची पाळी, महिन्याच्या ठरावीक दिवशी पगार. दारोदार विक्री करणाऱ्याला अशी वसाहत सोयीची. एका ओळीत अनेक स्थिर पगार राहतात, आणि एका घरी वस्तू आली की बातमी संध्याकाळपर्यंत शेवटच्या क्वार्टरपर्यंत पोहोचते. पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशी १९९७ मध्ये स्वीकारल्या गेल्या आणि थकबाकी हाती आली, त्या सुमारास ओळखीच्या काही घरांत ते यंत्र आलेले आम्ही पाहिले. पहिले काही रविवार ते दिवाणखान्यात घरघरले. मग ते खोक्यात गेले आणि खोके माळ्यावर गेले. दिवाळीच्या साफसफाईला ते खाली उतरे, आणि उतरताना प्रथम त्याच्यावरची धूळ केरसुणीने झाडावी लागे.

असे का झाले? गृहिणींना यंत्र वापरता येत नव्हते, हे उत्तर अपमानकारक तर आहेच, शिवाय खोटे आहे. त्याच बायकांनी कुकर, मिक्सर आणि शिलाईयंत्र लीलया आत्मसात केले होते. पहिले कारण आपली भुई. व्हॅक्यूम क्लीनर गालिच्यासाठी जन्माला आला, आणि आपल्याकडे गालिचा नव्हता. सतरंजी, चटई, घोंगडी हे आपले अंथरूण. ते उचलून बाहेर नेऊन झटकता येते. खाली शहाबादी फरशी, कोबा किंवा मोझॅक. ती झाडल्यावर पुसावी लागते, आणि पुसण्याचे काम हे यंत्र करीत नव्हते. वसाहतीच्या कुंपणापलीकडच्या गावांत तर शेणाने सारवलेली भुई होती. तिच्यावर हे यंत्र चालवले असते तर केराबरोबर भुईचाही पोपडा निघाला असता. भंडारा हा धानाचा मुलूख. मळणीच्या दिवसांत तूस, कोंडा आणि धूळ यांचा असा मारा होतो की यंत्राची पिशवी घटकेत भरावी. दुसरे कारण वीज. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रभर भारनियमनाचे जे दिवस आले, ते ज्यांनी काढले त्यांना झाडण्यासाठी विजेवर विसंबणे हा विनोदच वाटला असेल.

परंतु खरे कारण तिसरे आहे, आणि ते बोलायला आपण कचरतो. यंत्राची स्पर्धा केरसुणीशी नव्हतीच. ती केरसुणी धरणाऱ्या हाताशी होती, आणि तो हात यंत्राच्या हप्त्यापेक्षा स्वस्त होता. विक्रेता अमेरिकी गृहिणीला सांगे की हे यंत्र नोकराची जागा घेईल. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मोलकरीण होती, आणि जेथे नव्हती तेथे आई, सून वा मुलगी होती, जिच्या वेळेला किंमतच लावलेली नव्हती. जेथे श्रम महाग असतात तेथे यंत्र टिकते, आणि जेथे श्रम फुकट असतात तेथे ते शोभेची वस्तू होते. माळ्यावरच्या त्या खोक्यात आम्हांस यंत्राचे अपयश दिसत नाही. आपण बाईच्या श्रमाला लावलेला भाव दिसतो.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तर चित्र अधिक स्पष्ट होते. मुंबईत ती कंपनी स्थापन होण्याच्या दोनच वर्षे आधी, १९८० मध्ये, पुण्यात मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुटी, आजारपणात कामावरून न काढणे, अशा साध्या मागण्यांसाठी त्या बायका रस्त्यावर आल्या. म्हणजे एकाच दशकाच्या तोंडाशी, एकाच राज्यात, केर काढण्याच्या प्रश्नाला दोन उत्तरे पुढे आली. एक उत्तर म्हणत होते, यंत्र घ्या. दुसरे म्हणत होते, माणसाला माणसाची मजुरी द्या. पहिल्या उत्तराचा परिचय करून द्यायला टाय लावलेले तरुण होते. दुसऱ्याचा परिचय मध्यमवर्गाने शक्यतो टाळला. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ वा करार २०११ मध्ये झाला, आणि भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

येथे केरसुणीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण यंत्राला विरोध करणारे अनेकदा केरसुणीच्या गौरवात रमतात. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, एरवीही तिला पाय लागू देत नाही. ही भावना खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु शिंदीच्या पानांची ती केरसुणी बांधून देणाऱ्या मातंग समाजाला तीच लक्ष्मी कधी उंबरठ्याच्या आत घेऊन आली नाही. पेशवाईत अस्पृश्याला स्वतःची पावलाखालची धूळ झाडीत जाण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. हे डॉ. आंबेडकर १९५४ मध्ये याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि पराभूत झाले, हेही या जिल्ह्याच्या माणसाने विसरू नये. झाडूची पूजा आणि झाडणाऱ्याची अवहेलना या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच घरात सुखाने नांदल्या आहेत.

याच विदर्भाने गाडगेबाबाही दिले. अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा हा माणूस हातात खराटा घेऊन गावात शिरे, दिवसा गाव झाडी आणि रात्री कीर्तन करी. त्यांच्या नावाने २००० पासून शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान चालले. बाबांच्या कार्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. पुरुषाने गावाचा रस्ता झाडला तर तो संत होतो. बाईने जन्मभर घर झाडले तर ती फक्त घर झाडते, असे का? बाबांनी खराटा उचलला तो सर्वांनी उचलावा म्हणून. आपण त्यांचा पुतळा उभा केला, त्याच्या हाती खराटा दिला आणि स्वतःचे हात मोकळे करून घेतले.

धुळीची गोष्ट जवाहरनगरच्या माणसाला निराळ्या रीतीने ठाऊक आहे. स्फोटके हाताळणाऱ्या कारखान्यात धूळ ही सौंदर्याची बाब नसते. एखाद्या फटीत साचलेली बारीक भुकटी घर्षणाने वा ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून अशा ठिकाणी कोणी, कशाने आणि केव्हा झाडावयाचे, हे नियमाने ठरलेले असते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला तेथे प्रवेश असू शकत नाही, कारण त्याच्या मोटारीतील कार्बनच्या ब्रशांपाशी चालताना बारीक ठिणग्या पडतात. म्हणजे जो पुरुष आठ तास झाडलोटीला जीवनमरणाचा प्रश्न मानतो, तोच पाळी संपवून घरी आल्यावर झाडलोटीला प्रश्नच मानत नाही. कारखान्यात धूळ कोणाच्या जिवावर बेतेल याचा विचार होतो, कारण तो जीव त्याचा स्वतःचा असतो. घरात ती रोज दुसऱ्या कोणाच्या छातीत जाते. स्पँगलरला जे स्वतःच्या दम्यामुळे कळले, ते कळण्यासाठी प्रत्येक घरातल्या पुरुषाला दमा व्हावा, अशी इच्छा आम्ही अर्थातच करीत नाही.

अलीकडच्या काळात या कथेत दोन पात्रे आली. एक इंग्लंडचा जेम्स डायसन. पिशवी भरली की शोषण मंदावते, या जुन्या दोषावर त्याने चक्रवाताच्या तत्त्वाचा उपाय काढला: हवा इतक्या वेगाने गोल फिरवायची की धूळ कडेला फेकली जावी. त्यासाठी त्याने ५,१२७ नमुने बनवले, असे तो स्वतः सांगतो. दुसरे पात्र यंत्रमानवाचे. इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट २००१ मध्ये आणि अमेरिकेचा रूम्बा २००२ मध्ये बाजारात आला. बशीच्या आकाराचे हे यंत्र आपण होऊन खोलीभर फिरते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मोलकरणींना सोसायट्यांची फाटके बंद झाली, आणि आपल्या शहरांत या यंत्रांची एकदम चौकशी सुरू झाली. ज्या हाताला आपण वर्षानुवर्षे गृहीत धरले, तो हात दूर होताच यंत्राची आठवण झाली. काही दिवस पुरुषांनीही केर काढला आणि त्याची छायाचित्रे मित्रांना पाठवली. रोज केर काढणाऱ्या बाईने आपले छायाचित्र पाठवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

त्या फिरत्या यंत्राला जुन्या मराठी घरात एक अडचण येते: त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. सपाट, मोकळी, उंबरठे नसलेली जमीन त्याला लागते, आणि ते फिरण्याआधी खाली पडलेले सर्व काही कोणी तरी उचलून ठेवावे लागते. ते उचलते कोण? त्याची डबी रिकामी करते कोण? ब्रशात अडकलेले केस कात्रीने कापून काढते कोण? कोवनबाईंचा हिशोब येथेही लागू पडतो.

आकडे पाहावेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत असल्याचे आढळले, आणि पुरुष ९७ मिनिटे. त्यातही असे काम करणाऱ्यांत स्त्रिया होत्या १०० पैकी ८१, पुरुष १०० पैकी २६. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांचा वेळ २८९ मिनिटांवर आला. पाच वर्षांत दहा मिनिटे. याच काळात पुरुषांचा वेळ वाढला असेल असे कोणास वाटेल, तर तो ८८ मिनिटांवर उतरला. म्हणजे जी काही थोडी सुटका झाली ती दोघांची झाली. वाटणी होती तेथेच राहिली.

यावरून आम्ही यंत्रविरोधी आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. केरसुणीत संस्कृती आणि यंत्रात विकृती पाहणारा आमचा पंथ नव्हे. उलट या यंत्राने दिलेल्या दोन गोष्टी आपण घेतल्याच नाहीत, अशी आमची तक्रार आहे. पहिली म्हणजे दांडा. आपली केरसुणी आखूड असते आणि झाडणारीला कमरेत वाकावे लागते. लांब दांड्यासाठी वीज लागत नाही, आयात लागत नाही, हप्ता लागत नाही. तरीही शतकानुशतके तो आपल्या केरसुणीला बसला नाही, कारण वाकणाऱ्या कमरेचा विचार करण्याचे कारण कोणास पडले नाही. दुसरी म्हणजे धूळ कोंडण्याची कल्पना. झाडणारीच्या छातीत धूळ जाऊ नये, एवढाच स्पँगलरचा मूळ हेतू होता. तो हेतू तोंडावर बांधलेल्या स्वच्छ फडक्याने आणि फरशीवर शिंपडलेल्या पाण्यानेही काही अंशी साधतो. ज्या घरात यंत्र आहे, त्या घराने ते माळ्यावरून उतरवून काम करणाऱ्या बाईच्या हाती द्यावे. महाग वस्तू बिघडेल म्हणून ती तिच्या हाती न देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तिच्या फुप्फुसांच्या बिघाडाचा खर्च त्या घरांच्या हिशोबात धरलेला नसतो.

आणि या दोहोंपलीकडे तिसरी गोष्ट आहे, जी कोणत्याही कंपनीला विकता येणार नाही. मोलकरणीला रास्त मजुरी आणि आठवड्याची सुटी, आणि सुटीच्या त्या दिवशी घरातल्या पुरुषाच्या हाती झाडू. त्या एका दिवसाने बाईचा वेळ फार वाचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पलंगाखाली वाकून शिरल्यावर धूळ कशी उडते आणि कंबर कोठे दुखते, हे त्या पुरुषाला अंगाने कळेल, आणि दांडा लांब असावा की आखूड यावर त्याचे मत बनेल. यंत्रे सुधारतात ती असे मत असलेल्या माणसांमुळे. स्पँगलर हा त्याचा पुरावा आहे.

जनाबाईच्या घरी विठ्ठल आला, तो कोणतेही नवे साधन घेऊन आला नाही. झाडणे तिच्याकडेच राहिले. त्याने फक्त सुपली धरली. सुमारे सातशे वर्षे आपण ती कविता भक्तीने गातो आणि तिच्यातली सूचना मात्र सोयीने देवावर सोपवून देतो.